सँ-सेव्हरँ, पॅरिस: वेदीभोवतीच्या अर्धगोल कमानी १२व्या शतकातल्या धरायच्या का?

कोनाडा
पॅरिसच्या लॅटिन क्वार्टरमधल्या सँ-सेव्हरँ या पॅरिश चर्चचा बांधकामक्रम लावतोय. तीन गोष्टी जुळत नाहीत. वेदीभोवतीच्या कमानी अर्धगोल, बाकी सगळीकडे नोकदार. मधल्या दालनाच्या पश्चिमेकडच्या पहिल्या तीन खणांत (खण म्हणजे खांबांच्या लागोपाठच्या दोन जोड्यांमधला भाग) खांबांना शीर्षं आहेत, पुढच्या खणांत नाहीत. आणि पश्चिमेचं दार १३व्या शतकातलं वाटतं, पण त्याच्या डोक्यावरची खिडकी उघडउघड फ्लॅम्बॉयंट, म्हणजे १५व्या शतकातल्या उशिराच्या गॉथिक शैलीतली. अर्धगोल म्हणजे रोमनेस्क (गॉथिकच्या आधीची शैली), म्हणून वेदीकडचा भाग सर्वांत जुना, मग ते तीन खण, मग उरलेलं, असा क्रम धरला तर चालेल?

चुनखडी
नाही चालणार. त्या कमानी १६८०च्या दशकातल्या, म्हणजे तुमच्या यादीत जवळजवळ शेवटच्या. चौदाव्या लुईची चुलत बहीण आन-मारी-लुईझ द'ऑर्लेआँ ('ग्रांद मादमुआझेल') हिने पैसा दिला, आराखडा राजाचा चित्रकार शार्ल ल ब्रँचा, काम शिल्पकार त्युबीचं. खांबांना संगमरवर चढवला आणि नोकदार कमानी अर्धगोल केल्या. 'गॉथिक' हा शब्द तेव्हा रानटी या अर्थानेच वापरत, त्यामुळे हे त्यांना सुधारणाच वाटली असणार.

असा बदल करणं वाटतं तेवढं अवघड नाही. गाळा, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, ४ मीटरचा धरा. अर्धगोल कमान २ मीटर चढते, त्याच गाळ्यावरची समभुज नोकदार कमान (दोन्ही बाजूंची त्रिज्या गाळ्याएवढी) ३.४६ मीटर. दोन्ही एकाच पातळीवरून सुटत असतील तर अर्धगोल कमान नोकदार कमानीच्या पोटात आख्खी मावते. मधली चंद्रकोर भरून काढली की झालं, वरचा भार पेलणाऱ्या जुन्या दगडांना हात लावायची गरज नाही. उलट दिशेने जायचं, म्हणजे अर्धगोल कमान फोडून नोकदार करायची, तर आधी वरची सगळी भिंत टेकूंवर घ्यावी लागते. म्हणून जुन्या नोकदार कमानीखाली नवी अर्धगोल कमान ही शक्यता कायम मनात ठेवायची.

तपासताना आकाराआधी दगड बघा. संगमरवराचं आवरण कुठे थांबतं? त्याच खांबांच्या मागच्या अंगाला काय आहे? तिथे दुहेरी प्रदक्षिणापथ आहे, १४८९ ते १४९५ दरम्यानचा. पुढून १७वं शतक, मागून १५वं.

तिसरा खण
खांबांबद्दल तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. पहिले तीन खण १३व्या शतकातले. तिथे कमान शीर्षावर येऊन टेकते आणि खाली गोल खांब सुरू होतो, दोन्ही वेगळे दिसतात. चौथ्या खणापासून कमानीच्या कडेची नक्षीरेघ न थांबता खांबात उतरते, मध्ये शीर्षच नाही. १४४८च्या आगीनंतरच्या कामाची ही खूण. शतवार्षिक युद्धामुळे (१३३७–१४५३) पॅरिसमध्ये मोठी बांधकामं रेंगाळली होती, ती याच सुमारास पुन्हा जोर धरू लागली. खिडक्यांच्या दगडी जाळीतही फरक कळतो: आधीच्या जाळीत वर्तुळं आणि पाकळ्या, नंतरच्या जाळीत ज्वाळेसारखे वळणदार थेंब. 'फ्लॅम्बॉयंट' हे नाव त्यावरूनच पडलं.

सगळं पाडून एकसारखं का नाही बांधलं? पॅरिश चर्चचा खर्च बिशपच्या नव्हे, वस्तीतल्या लोकांनी चालवलेल्या 'फाब्रिक' या मंडळाच्या तिजोरीतून व्हायचा. पैसे येतील तसं काम. जे खण धड उभे आहेत ते कोण पाडेल? शिवाय पूर्वेला सँ-जाक रस्ता असल्यामुळे लांबी वाढवायला वाव नव्हता. चर्च बाजूंनी फुगत गेलं, आडवे हात (ट्रान्सेप्ट) मात्र कधीच आले नाहीत.

प्रदक्षिणापथातला मधोमध असलेला पिळाचा खांब सोडू नका. छताच्या फासळ्या एकत्र येऊन त्याच्या अंगावर दोरीच्या पिळासारख्या गुंडाळत खाली येतात. असा खांब घडवताना प्रत्येक थराच्या दगडाचा साचा खालच्या थरापेक्षा ठरावीक अंशांनी फिरवावा लागतो. एका थरात जरी चूक झाली तरी रेघ सांध्यावर तुटलेली दिसते, आणि ती नंतर तासून लपत नाही. भार मात्र आतल्या भरीव गाभ्यातून सरळ खाली जातो. पीळ फक्त कातडीवर.

कोनाडा
म्हणजे पहिले तीन खण, मग उरलेले खण, मग प्रदक्षिणापथ, मग संगमरवर. दार पहिल्या तीन खणांबरोबर बसवू?

जुनाचुना
दार त्या यादीत बसवूच नका. ते १३व्या शतकातलं आहे खरं, पण या चर्चचं नाही. सीन नदीतल्या सिते बेटावरचं सँ-पिएर-ओ-बफ हे चर्च १८३७ मध्ये पाडलं, त्याचं दार इथे आणून लावलं. त्यामुळे वरची १५व्या शतकातली खिडकी दारापेक्षा नवी, पण या भिंतीत मात्र दाराच्या कितीतरी आधी आलेली. दारावरच्या कमानीतल्या पट्टातलं शिल्प तर १९व्या शतकातलं.

तक्त्यात प्रत्येक भागासमोर दोन रकाने करा: दगड कधी घडवला आणि इथे कधी बसवला. दारासाठी '१३वं शतक' आणि '१८३७ नंतर', वेदीभोवतीच्या खांबांच्या संगमरवरासाठी दोन्हीकडे १६८०चं दशक. प्रदक्षिणापथाच्या रंगीत काचांनाही हेच लागू. त्या चित्रकार झाँ बाझेनच्या, १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनच्या, आजूबाजूची जाळी मात्र १५व्या शतकातली. घंटेची तारीख (१४१२) मनोऱ्याला चिकटवू नका, घंटा खाली उतरवता येते.

फ्रेंच सरकारच्या 'पॉप' संकेतस्थळावरच्या मेरिमे या वारसा वास्तूंच्या यादीत चर्चची नोंद सापडेल. फ्रेंच राज्यक्रांतीपूर्वीचे पॅरिसच्या चर्चचे कागद राष्ट्रीय अभिलेखागारात एल आणि एलएल या मालिकांत आहेत. फाब्रिकच्या नोंदवह्या हव्या असतील तर एलएलपासून सुरुवात करा.