मदत हवी आहे : १ टीबीची एसएसडी, क्रुशियल की डब्ल्यूडी?

राजेहो, दारव्हा तालुक्यात लग्नाच्या शूटिंगचं काम करतो. लॅपटॉप जुना आहे, पण एसएसडी (फाईली साठवायची वेगवान चिप-डिस्क) बसवायचा जेन ३ म्हणजे जुन्या पिढीचा एक एम.२ स्लॉट रिकामा आहे. क्रुशियल पी३ प्लस आणि डब्ल्यूडी ब्लू एसएन५८०, या दोघांत अडकलोय.

क्रुशियल सेकंदाला ५००० एमबी वेग सांगते, डब्ल्यूडी ४१५०. माझा स्लॉट साडेतीन हजाराच्या आसपासच थांबतो, त्यामुळे तो आकडा माझ्या काय कामाचा! खरा फरक लिहिण्याच्या हमीत, म्हणजे एकूण किती डेटा लिहीपर्यंत कंपनी वॉरंटी देते त्यात आहे : क्रुशियल २२० टीबी, डब्ल्यूडी ६००. डीरॅम, म्हणजे कोणती फाईल कुठे ठेवली याची नोंद ठेवणारी वेगळी मेमरी, दोघींतही नाही. क्रुशियल क्यूएलसीवाली (एका सेलमध्ये चार बिट कोंबणारी, स्वस्त पण लिहायला हळू), म्हणजे कॅशे, तिची वेगवान तात्पुरती जागा, भरली की वेग पडणार. हळद, लग्न, स्वागत समारंभ, सगळी कार्डं मी रात्री एकदमच रिकामी करतो. तेव्हा ती किती रडते? कोणी वापरली असेल तर सांगा.

अजून एक. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, वर टिनाचं छप्पर. एसएसडीवर हीटसिंक (उष्णता बाहेर काढणारी धातूची पट्टी) लावावी का? लॅपटॉपात जागा कमीच आहे.

कॉपी चालू असताना लाईन गेली तर काय, हेही सांगा. बॅटरी केव्हाच मेलीय. वॉरंटीसाठी यवतमाळातून घेऊ की ऑनलाईन?