मदत हवी आहे: आजोबांच्या वेब्लीला लाकडी मूठ आणि निकेल

वाळवेकर: आजोबांची वेब्ली रिव्हॉल्वर आहे, .32 बोअरची. मुठीच्या काळ्या पट्ट्यांपैकी डावी तडकलीय, नळीवर डाग पडलेत. शिसमाच्या नव्या पट्ट्या आणि वरून निकेलचा मुलामा करून घ्यायचाय. आज चालते तशीच चालली पाहिजे, एवढीच अट. सांगली-मिरजेत कोण करेल? दसऱ्याला पूजेत ठेवायचीय, जरा लवकर सांगा.

कृष्णाकाठ: मॉडेल कुठलं? बिजागरीवर मोडून उघडते का? लायसन कुणाच्या नावावर? डाग म्हणजे गंज की नुसता रंग गेलाय?

तासगावचा पाटील: भाऊ, जुन्यात कशाला अडकताय. डीलरला देऊन टाका आणि कानपूरची निर्भीक घ्या. 2014 ला आली, टायटॅनियमची, अर्ध्या किलोच्या आसपास. कमरेला असली तरी जाणवत नाही.

वाळवेकर: विकायची असती तर इथं विचारलंच नसतं. मोडून उघडते, मार्क थ्री. वारस म्हणून लायसन माझ्या नावावर झालंय. डाग 2019 च्या पुरातले, कपाटात पाणी शिरलं होतं.

कृष्णाकाठ: अहो, पुराचं आधी सांगायचं की!

मिरजकर: पट्ट्यांसाठी लांब जाऊ नका. आमच्या सतारमेकर गल्लीत लाकडात असा हात दुसऱ्या कुणाचा नाही. रिव्हॉल्वर नेऊन दाखवा, तुनाच्या लाकडात सुंदर करून देतील.

जुना आर्मरर: मिरजकर, तून सतारीला ठीक, मुठीला मऊ पडतं, स्क्रूपाशी चिरतं. शिसमच बरोबर. आणि हत्यार कारागिराच्या हातात द्यायचं नाही, ज्याच्याकडे दुरुस्तीचं लायसन आहे त्याच्याकडेच. कारागिराला फक्त जुन्या पट्ट्या नमुना म्हणून द्या.
वाळवेकर, आता नीट वाचा. वेब्लीची मुख्य स्प्रिंग इंग्रजी व्ही आकाराची असते आणि ती मुठीच्या चौकटीत, या पट्ट्यांच्या आडच बसते. नव्या पट्टीची आतली बाजू केसभर जाड राहिली की ती स्प्रिंगला घासते. घोडा पडतो पण जोर नसतो, काडतुसावर पिनचा ठसा उथळ उठतो आणि राऊंड फुटत नाही. बाहेरून काहीच कळत नाही. जुन्या पट्टीला आतून जितका खोलगटपणा आहे तितकाच कोरून घ्या. खालची पिन आणि स्क्रूचं भोक जुन्याशी ताडून पाहा. तडकलेली पट्टीही जपून ठेवा.
निकेलचा नाद सोडा. त्याआधी बफिंग म्हणजे घासून गुळगुळीत करणं होतं, कडा गोल होतात, शिक्के आणि नंबर पुसट होतात. नंबर पुसणं आर्म्स अॅक्टच्या कलम 8 खाली गुन्हा आहे, चकाकी आणायला गेलो होतो म्हणून सुटका नाही. डागांवर तेल आणि मऊ कापड पुरे.

तासगावचा पाटील: माझ्या मामांनी निकेल मारलंय, मस्त चालतंय.

जुना आर्मरर: नंबर वाचता येतो का ते बघा आधी.

हरिपूरकर: 2019 ला सांगलीच्या आयर्विन पुलावर पाणी 57 फूट होतं. आमच्या गल्लीत पितळेची भांडीसुद्धा काळी पडली. 2005 पेक्षा वाईट.

वाळवेकर: निकेल रद्द. पण पट्टी दसऱ्याआधी होईल का?

जुना आर्मरर: पट्टीचं नंतर बघू. आधी हत्यार रिकामं करून उजवी पट्टी काढा आणि स्प्रिंगचा फोटो टाका. पुराचा गाळ आत राहिला असेल तर गंज तिथंच धरलेला असणार.