गुहागरचा पंप डोंबिवलीतून कसा चालवू?

घर गुहागरला, आम्ही डोंबिवलीत. विहिरीवरच्या १ एचपी पंपाला १६ अँपिअरचा वायफाय प्लग लावला. मे महिन्यात रोज लाईट जाते, राउटर गपगार. आई फोनवर विचारते, "पोफळींना पाणी कोण घालणार, तुझा मोबाईल?" आता तर पंप बंदच होत नाही!

उत्तर १: प्लगवर थेट मोटर लावू नका हो. सुरू होताना ती पाचसहापट करंट खेचते, आतला रिले (चालू-बंद करणारा छोटा स्विच) चिकटतो. मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरचा करंट पेलणारा मोठा स्विच, घाला.

उत्तर २: सिमकार्डवाला स्टार्टर घ्या, मिसकॉलवर चालतो. रेंज मात्र विहिरीपाशी बघा, ओटीवर नव्हे.

मीच: प्लग उघडला. रिले चिकटलेलाच, वर पिनांना खाऱ्या वाऱ्याचा हिरवा थर. आईने जुना स्टार्टर परत बसवून घेतलाय.