क्लबची मंथली 1,200 वरून 1,800 आणि वर 50,000 ची लेव्ही. हा सगळा पैसा जातो कुठे?

रविवारची_इडली
नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका जुन्या क्लबची मी मेंबर आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. मेंबरशिप मूळ बाबांची, 1991 साली 15,000 भरून घेतलेली, तेव्हा आईने महिनाभर अबोला धरला होता म्हणे. बाबा गेल्यावर ट्रान्सफर फी भरून ती माझ्या नावावर झाली. आमचा वापर म्हणाल तर मुलाचं स्विमिंग, आईचा गुरुवारचा तंबोला आणि रविवारी सकाळी इडली-कॉफी, बस्स.

परवा सर्क्युलर आलं. मंथली सबस्क्रिप्शन 1,200 वरून 1,800, त्यावर 18% जीएसटी वेगळा, आणि शिवाय प्रत्येक मेंबरने एकरकमी 50,000 'डेव्हलपमेंट लेव्ही' द्यायची कारण पूल गळतोय आणि नवीन जिम बांधायचीय. पुढच्या महिन्यात एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेला, मंजुरीला ठेवणार. आता मला कळत नाही ते हे की नवीन मेंबरकडून हल्ली 6 लाख एन्ट्रन्स फी घेतात, बार कायम भरलेला, लॉनवर दर लग्नसराईत मांडव, आणि तरी क्लबकडे पूल दुरुस्त करायला पैसे नाहीत हे कसं काय? अहवालाचं पुस्तक घरी आलंय पण त्यातले आकडे बघून डोकं गरगरतं. कोणी कमिटीवर काम केलेलं असेल तर जरा समजावून सांगा ना, नेमकं काय बघायचं त्यात?

बॅकहँड
सोप्पं आहे. पैसा कार्ड रूमच्या एसीत जातो. सहा म्हातारे रमी खेळतात आणि चार टनाचा एसी सकाळी अकरापासून चालू, आम्ही टेनिसवाले मात्र फाटक्या नेटवर खेळतोय दोन वर्षं 😀

माजी_खजिनदार
बॅकहँडराव, एसी हे लक्षण आहे हो, रोग नाही. मी आमच्या गावच्या क्लबात (पुणे नव्हे) दोन टर्म ऑनररी ट्रेझरर होतो, म्हणजे फुकट काम आणि वर शिव्या, त्या अनुभवावर लिहितो.

ताई, आधी एक बघा, तुमचा क्लब मेंबरांचा आहे का मालकाचा. बिल्डरने किंवा कंपनीने काढलेला क्लब असेल तर तुम्ही फक्त वापराचा हक्क विकत घेतलेला असतो, नफातोटा त्यांचा, फी वाढवली तर पटत नसेल तर सोडा इतकंच. पण तुम्ही एजीएम म्हणताय आणि क्लब जुना आहे म्हणजे तो बहुतेक सोसायटी-कम-ट्रस्ट असणार, नाहीतर सेक्शन 8 ची कंपनी, ज्याला आधी सेक्शन 25 म्हणायचे. या दोन्हीत नफा मेंबरांत वाटता येत नाही, उरेल ते क्लबातच राहतं. ट्रस्ट असेल तर हिशोब धर्मादाय आयुक्तांकडे जातो, ताळेबंद शेड्यूल 8 मध्ये आणि जमाखर्च शेड्यूल 9 मध्ये, अहवालाच्या मागच्या पानांवर तेच छापलेलं असतं. पुढची रंगीत पानं, दिवाळी पहाटेचे फोटो वगैरे, सोडून द्या.

आता खरी गोम सांगतो. क्लबकडे दोन प्रकारचा पैसा येतो. एक रोजचा, म्हणजे मंथली, बार, किचन, हॉलचं भाडं, गेस्ट फी. दुसरा एकदाच येणारा, म्हणजे एन्ट्रन्स फी. रोजचा खर्च रोजच्या पैशातून भागला पाहिजे आणि एन्ट्रन्स फी वेगळ्या फंडात पडली पाहिजे, पूल, छप्पर, ट्रान्सफॉर्मर असल्या मोठ्या कामांसाठी. पण मंथली वाढवली की पुढच्या निवडणुकीत कमिटी पडते! म्हणून काय करतात, मंथली दहा-दहा वर्षं तीच ठेवायची आणि दरवर्षी वीस-पंचवीस नवीन मेंबर घेऊन त्यांची एन्ट्रन्स फी जमाखर्चात उत्पन्न म्हणून घालायची, की कागदावर सरप्लस दिसतो आणि सगळे खुश. आमच्याकडे शेतकरी माणसं म्हणतात तसं, बियाणं दळून खाल्लं की त्या वर्षी पोट भरतं.

आणि लाइफ मेंबर विसरू नका. आमच्याकडे 1988 च्या आसपास 5,000 घेऊन लाइफ मेंबर केले होते, तेव्हा टेनिस कोर्टाला पैसे हवे होते म्हणून. ती माणसं आजही रोज येतात, टॉवेल मागतात आणि मंथली शून्य. त्यांना काही बोलायची सोय नाही कारण मीही त्यातलाच एक.

लेजरबाबा
खजिनदार साहेबांनी बरोबर सांगितलंय, मी टॅक्सची बाजू टाकतो, क्लबांचं ऑडिट करतो म्हणून.

चार मित्रांनी वर्गणी काढली, माथेरानला गेले, दोनशे रुपये उरले ते परत वाटून घेतले, तर ते कोणाचं उत्पन्न नाही ना? हेच तत्त्व क्लबला लागतं, त्याला म्युच्युअ‍ॅलिटी म्हणतात. मेंबरांनीच पैसे टाकले आणि मेंबरांनीच वापरले, त्यातून उरलेल्यावर इन्कम टॅक्स नाही. पण लॉन बाहेरच्यांच्या लग्नाला दिलं की तो धंदा, तिथे टॅक्स आला. आणि सगळ्यात मोठा धक्का एफडीचा. बंगलोर क्लबच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने 2013 साली सांगितलं की तुम्ही पैसे बँकेत ठेवले, बँकेने ते तिसऱ्यालाच कर्जाने दिले, म्हणजे 'आपलं आपल्यात' राहिलं नाही, त्यामुळे व्याज टॅक्सेबल. ती बँक क्लबची कॉर्पोरेट मेंबर होती तरीही! 2023 च्या सिकंदराबाद क्लबच्या निकालात परत तेच. त्यामुळे ज्या क्लबांचा गाडा एफडीच्या व्याजावर चालायचा त्यांना चांगलाच चटका बसला.

जीएसटीचं अजून वेगळंच. कलकत्ता क्लबच्या केसमध्ये ऑक्टोबर 2019 ला सुप्रीम कोर्टाने म्हटलं क्लब आणि मेंबर एकच, स्वतःला स्वतः विकता येत नाही, म्हणून जुना सेल्स टॅक्स आणि सर्व्हिस टॅक्स लागू नाही. क्लबवाल्यांनी पेढे वाटले असतील. मग सरकारने 2021 च्या फायनान्स अ‍ॅक्टमध्ये दुरुस्ती करून जीएसटीपुरतं क्लब आणि मेंबर वेगळे मानले, तेही मागे जाऊन 1 जुलै 2017 पासून. केरळ हायकोर्टाने एप्रिल 2025 मध्ये ही दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली खरी, पण म्हणून पुण्यात तुम्ही 18% भरायचं थांबवू नका, इथले क्लब लावतातच.

रविवारची_इडली
बापरे. पण मग आमच्या हाउसिंग सोसायटीच्या मेन्टेनन्सवर जीएसटी नाही तो कसा?

लेजरबाबा
सोसायटीला दरमहा 7,500 पर्यंत सूट आहे, ती राहत्या घरांच्या संस्थांना. क्लबला ती नाही. आणि अजून एक ऐका, पूल नव्याने बांधला तर कॉन्ट्रॅक्टरच्या बिलावर जो जीएसटी पडेल त्याचं क्रेडिट, म्हणजे क्लबने भरायच्या जीएसटीतून वजावट, क्लबला मिळत नाही, बांधकामाला ते बंदच आहे. दारू जीएसटीच्या बाहेर, तिच्यावर व्हॅट, म्हणून बार मोठा असेल तर बाकीच्या सामाईक खर्चाचंही काही क्रेडिट प्रमाणात सोडावं लागतं. थोडक्यात एस्टिमेटमध्ये टॅक्स धरलाय का तेही विचारा, नाहीतर सहा महिन्यांनी दुसरी लेव्ही येईल.

कुलाबेकर
मुंबईतून लिहितोय. इकडे तर जमिनीची टांगती तलवार वेगळीच, बरेच जिमखाने सरकारी जमिनीवर लीजने बसलेत, लीज रिन्यू करायची वेळ आली की कमिटीच्या मीटिंगा रात्री बारापर्यंत. आणि वेटिंग लिस्टचे पैसे हा एक प्रकार असतो, तोही बघा. दिल्ली जिमखान्याचं आठवतं का, सफदरजंग रोडवर 27 एकरांवर पसरलेला क्लब. केंद्र सरकार एनसीएलटीत (कंपन्यांच्या न्यायाधिकरणात) गेलं तेव्हा एक तक्रार हीच होती की अर्जासोबत घेतलेले लोकांचे पैसे वर्षानुवर्षं क्लबकडे आणि अर्जदार नुसते रांगेत. शेवटी एप्रिल 2022 मध्ये सरकारला तिथे 15 डायरेक्टर नेमायची परवानगी मिळाली. म्हणजे क्लब आमचा, आम्ही बघून घेऊ, हे म्हणायचे दिवस गेले.

बॅकहँड
दिल्लीचं सोडा, ताईंच्या पूलचं बोला. आमच्याकडे पूल गळायचा तर रोज दोन टँकर ओतायचे, एका उन्हाळ्यात टँकरचं बिलच इतकं झालं की त्यात फरशा बदलून झाल्या असत्या. पण टँकर 'चालू खर्च' आणि फरशा 'भांडवली', भांडवलीला जनरल बॉडीची (सगळ्या मेंबरांच्या सभेची) मंजुरी लागते म्हणून टँकर ओतत राहिले.

माजी_खजिनदार
@बॅकहँड, हे मात्र शंभर टक्के खरं. हाउसिंग सोसायटीत बघा, बांधकाम खर्चाच्या वर्षाला निदान पाव टक्का सिंकिंग फंडात (मोठ्या दुरुस्त्यांसाठी साठवायच्या पैशात) टाकायचा असं मॉडेल बायलॉजमध्येच आहे. क्लबला तसं कोणी सांगत नाही. जमाखर्चात घसारा, म्हणजे वस्तू झिजल्याचा कागदी खर्च, लिहितात लाखांत, पण तेवढे पैसे बाजूला काढून ठेवलेत का विचारलं की ऑडिटरही छताकडे बघतो. (लेजरबाबा, तुम्हाला नाही म्हटलं!)

ताई, एक काम करा, अहवालातले आठ-दहा आकडे इथे टाका, आपण मांडून बघू.

रविवारची_इडली
काल रात्री मुलगा झोपल्यावर पेन्सिल घेऊन बसले एकदाची. पान 31 वर मेंबरांची यादी प्रकाराप्रमाणे आहे आणि 44 वर जमाखर्च. तर:

एकूण मेंबर 2,400. त्यात 450 लाइफ, मंथली शून्य. 650 सीनियर सिटिझन, निम्मी म्हणजे 600. 100 परदेशी किंवा बाहेरगावी, 200 रुपये. पूर्ण 1,200 भरणारे फक्त 1,200 जण! म्हणजे अर्धा क्लब. मला खरंच वाटलं होतं सगळेच भरतात. महिन्याला 18 लाख 50 हजार, वर्षाला 2 कोटी 22 लाख.

खर्च: पगार आणि कंत्राटी माणसं 2 कोटी 10 लाख. म्हणजे सगळी मंथली मार्कर, बेअरर, माळी, लाइफगार्ड यांच्यातच संपली. वीज आणि पाणी 62 लाख, दुरुस्त्या 55 लाख, सिक्युरिटी, प्रॉपर्टी टॅक्स, लायसन्स वगैरे 40 लाख. बेरीज 3 कोटी 67 लाख.

मंथली सोडून बाकी उत्पन्न: बारमधून निव्वळ 38 लाख, केटररची रॉयल्टी 18, हॉल आणि लॉन 30, गेस्ट फी आणि स्पोर्ट्स 24 लाख. मंथली धरून 3 कोटी 32 लाख. म्हणजे 35 लाखांची तूट ना? पण अहवालात अध्यक्षांच्या मनोगतात लिहिलंय '1 कोटी 15 लाखांचा विक्रमी सरप्लस'. मी तीनदा बेरीज केली. मग दिसलं, 25 नवीन मेंबरांची एन्ट्रन्स फी दीड कोटी, ती 'इतर उत्पन्न' म्हणून आत घातलीय. खजिनदार काका, तुम्ही लिहिलंय अगदी तेच!!

लेजरबाबा
वा ताई, आमच्या आर्टिकल (शिकाऊ सीए) पोरांपेक्षा बरं केलंत. आता पुढचं गणित करा. तूट 35 लाखांची. मंथली 1,800 केली तर सीनियरांची 900 होईल, मग बाहेरगावचे धरून साधारण 1 कोटी 11 लाख जास्त येतात, म्हणजे तुटीच्या तिप्पट. 1,400 केली तरी बाहेरगावचे न धरताच 36 लाख 60 हजार वाढतात आणि तूट भरून निघते. 1,600 मागितले असते तर महागाई आणि पुढची पगारवाढ म्हणून समजू शकलो असतो, 1,800 कशावरून काढले ते त्यांनी सांगायला हवं. आणि 50,000 ची लेव्ही लाइफ मेंबर सोडून 1,950 जणांवर लावली तर 9 कोटी 75 लाख. पूल आणि जिमला एवढे लागतात? एस्टिमेट बघितलं का कोणी?

रविवारची_इडली
सर्क्युलरमध्ये एस्टिमेट नाही, आर्किटेक्टचं रंगीत चित्र आहे. त्यात पूलच्या काठावर नारळाची झाडं दाखवलीयत. लाइफ मेंबरांना लेव्ही आहे की नाही तेही स्पष्ट लिहिलेलं नाही.

कुलाबेकर
नारळाची झाडं 😂 वर्गणी आपली, नारळ त्यांचा.

माजी_खजिनदार
आता तोंडी भांडू नका. लेखी तीन प्रश्न सेक्रेटरींना एजीएमच्या आधी द्या आणि कॉपीवर पोच घ्या. गेल्या पाच वर्षांत एन्ट्रन्स फी किती आली आणि कशावर खर्च झाली. पूल आणि जिमची वेगवेगळी एस्टिमेटं, टॅक्ससकट. लाइफ मेंबरांना लेव्ही लागू आहे का, आणि नसेल तर कोणत्या नियमाने. मग मंथली 1,400 ला तुमची हरकत नाही असंही त्यात लिहा, म्हणजे 'या बाईंना सगळं फुकट हवंय' म्हणायला जागा उरत नाही. एन्ट्रन्स फी यापुढे वेगळ्या फंडात, हा ठराव एखाद्या सीनियर मेंबरकडून मांडून घ्या, अनुमोदन तुम्ही द्या. नियमावलीत ठराव किती दिवस आधी द्यायचा ते आत्ताच बघून ठेवा, बहुतेकांचे ठराव तिथेच मरतात.

मी लाइफ मेंबर असून सांगतोय, आमच्याकडून थोडं तरी घ्या. निदान टॉवेलचे.

रविवारची_इडली
शेजारच्या टेबलवर एक रिटायर्ड बँक मॅनेजर काका बसतात रविवारी, त्यांना विचारते ठरावाचं. एजीएम पाचला आहे, पण मुलाचा क्लास साडेपाचला सुटतो, सहापर्यंत पोचले तर चालेल का?

माजी_खजिनदार
अजिबात नाही. पाचला कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, नसतो, अर्धा तास तहकूब करतात, साडेपाचला जेवढे हजर तेवढ्यांत सगळे ठराव पंधरा मिनिटांत पास. सहाला येणाऱ्यांना फक्त बटाटेवडे मिळतात. मुलाला आईंकडे सोडा.

रविवारची_इडली
आई पण येणार म्हणतेय. तंबोल्याच्या चौदा बायका घेऊन.

बॅकहँड
चौदा?? कमिटी गेली.

माजी_खजिनदार
त्यांची मेंबरशिप स्वतःच्या नावावर आहे का नवऱ्याच्या, ते आधी विचारा. स्पाउस कार्डाला बऱ्याच ठिकाणी मत नसतं.

रविवारची_इडली
विचारलं. पाच जणींच्या स्वतःच्या नावावर आहे. बाकीच्या नऊ जणी नवऱ्यांना ओढून आणणार आहेत.