जुन्या टूरिंग सायकलला ३८ मिमीचे टायर: आधी कडेवरचा आकडा पाहावा

१९८० च्या सुमाराची आपली टूरिंग सायकल २७ इंची चाकांची असून सामान लादून कोकणात उतरण्यासाठी तिला ३८ मिमीचे टायर घ्यावेत, असे आपण म्हणता. खरेदीपूर्वी जुन्या टायरच्या कडेवरचा आकडा जरूर वाचावा. तेथे ३२-६३० असे असेल, तर ३२ ही टायरची रुंदी आणि ६३० हा टायर रिमवर जेथे बसतो तेथला व्यास होय, दोन्ही मिमीत. ७००सी या आजच्या प्रचलित मापाच्या चाकाचा तो ६२२ आणि आपल्याकडच्या जुन्या २८ इंची सायकलींचा ६३५ असतो, म्हणून एकाचे टायर दुसऱ्याला चालत नाहीत. ६३० मध्ये ३२ मिमीहून रुंद टायर क्वचितच मिळतात.

७००सीची चाके घातल्यास रिमची कड ४ मिमी खाली येते. तेवढे ब्रेकचे रबर खाली सरकते का, हे आधी तपासावे. तेवढीच जागा रुंद टायरला वर मिळते, बाजूंना मात्र नाही. म्हणून पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्यात आणि पेडलच्या धुऱ्यामागील नळ्यांमध्ये मोजमाप करून दोन्ही बाजूंना किमान ५ मिमी मोकळे ठेवावेत. माझ्या सायकलला मडगार्डसह ३५ मिमीचे टायर जेमतेम बसले. कोरड्यात ते उत्तम चालले, पण ताम्हिणीच्या पावसात मडगार्डखाली चिखल थापला जाऊन मागचे चाक अडकले आणि तो काडीने खरवडावा लागला. तेव्हापासून मी ३२ वापरतो, आणि आपणही तेच घ्यावेत, असे मला मनापासून वाटते.

रिमची आतली कड सरळ, टायर धरून ठेवणाऱ्या हुकाविना असेल, तर हवा फार कडक भरू नये. टायर निसटू शकतो.