परसातलं अ‍ॅक्वापोनिक्स: १,००० लिटरच्या टाकीवर मासे किती आणि कोणत्या हंगामात कोणती भाजी?

अंगणवाफा:
परसात अ‍ॅक्वापोनिक्स सुरू करायचं आहे, म्हणजे माशांच्या टाकीतलं पाणी वाफ्यांतून फिरवून त्यावर भाज्या वाढवायच्या. आराखडा असा: १,००० लिटरची चौकोनी प्लास्टिकची टाकी, तिच्यापेक्षा उंचावर १.२ × १ मीटरचे, ३० सेंमी खोल दोन वाफे, वाफ्यांत खडी. पंपाने पाणी वाफ्यांत चढवायचं आणि बेल सायफनने (वाफा भरला की तो आपोआप रिकामा करणारी नळी) ते परत टाकीत सोडायचं. थंडीला अजून दोन महिने आहेत. १०० बोटुकली (माशांची बोटाएवढी पिल्लं) सोडून लगेच टोमॅटो, काकडी, लेट्यूस आणि पालक लावायचा विचार आहे. माशांची संख्या बरोबर आहे का? पंप किती क्षमतेचा घ्यावा? आणि या भाज्यांत आधी कोणती, नंतर कोणती?

गढूळपाणी:
१०० मासे फार होतात. मासा ५०० ग्रॅमचा झाला की १०० माशांचे ५० किलो होतील. घरगुती टाकीत १,००० लिटरला २० किलो ही वरची मर्यादा समजा, आणि नवख्याने तिच्या निम्म्यावर थांबावं.

खरं तर हिशेब माशांच्या संख्येपासून सुरू करूच नका. तो रोजच्या खाद्यापासून करा, कारण झाडांना मिळणारं बहुतेक अन्न त्या खाद्यातूनच येतं. पालेभाजीला वाफ्याच्या प्रत्येक चौरस मीटरमागे दिवसाला ४० ते ५० ग्रॅम खाद्य लागतं, फळभाजीला ५० ते ८० ग्रॅम. तुमचे दोन्ही वाफे मिळून २.४ चौ. मी. आहेत, म्हणजे पालेभाजीसाठी रोज साधारण १०० ते १२० ग्रॅम. वाढलेला मासा रोज आपल्या वजनाच्या दोन टक्के खातो असं धरलं, तर तेवढं खाद्य संपवायला ५ ते ६ किलो मासे हवेत. २०० ग्रॅमचे ३० मासे झाले की काम भागलं.

आता उलट्या बाजूने बघा. ३० बोटुकली १० ग्रॅमची असतील तर सगळी मिळून ३०० ग्रॅम. ती वजनाच्या ५ टक्के खातात, म्हणजे दिवसाला १५ ग्रॅम. एवढ्यावर चौरस मीटरचा जेमतेम तिसरा हिस्सा पोसला जातो, सात-आठ लेट्यूस. मासे ५० ग्रॅमचे झाले की ३ टक्क्यांनी ४५ ग्रॅम, म्हणजे साधारण एक चौरस मीटर. २०० ग्रॅमला पोचले की दोन्ही वाफे भरतील. पहिल्याच महिन्यात दोन्ही वाफे गच्च लावले तर झाडं पिवळी पडतात. मग माणूस खाद्य वाढवतो, मासे ते खात नाहीत, उरलेलं तळाशी कुजून अमोनिया चढतो. टाकलेलं खाद्य १५ ते २० मिनिटांत संपलं नाही तर उरलेलं जाळीने काढून टाका आणि पुढच्या वेळी कमी घाला.

मासा निवडताना वर्षातलं सर्वांत थंड आणि सर्वांत गरम पाणी किती अंशांचं असेल ते आधी बघा. तिलापिया २७ ते ३० अंशांत उत्तम वाढतो, २० च्या खाली खाणं कमी करतो आणि १०–१२ च्या खाली मरतो. कॉमन कार्प आणि कोई थंडी सोसतात. ट्राउटला १० ते १८ अंश लागतात, तो गरम पाण्यात टिकत नाही. काही जाती पाळायला परवानगी लागते किंवा बंदी असते, तेही आधी पाहून घ्या.

खडीवाट:
वाफा, पंप आणि सायफनबद्दल.

खडी ८ ते २० मिमीची. आणल्याबरोबर मूठभर खडी व्हिनेगरमध्ये टाका. बुडबुडे आले तर ती चुनखडीची आहे, घेऊ नका, ती पाण्याचा सामू (पीएच) कायम वर ओढत राहील. बुडबुडे आले नाहीत तर पाणी नितळ येईपर्यंत धुवा.

वजन कमी लेखू नका. एका वाफ्यात ३६० लिटर खडी बसते, तिचे ५७० किलोच्या आसपास होतात, वर १२० लिटर पाणी. म्हणजे एक वाफा ७०० किलोचा. खाली काँक्रीटचे ठोकळे हवेत, आणि जमीन आधी ठोकून सपाट करून घ्या. एक पाय खचला की वाफा तिरका होतो, पाणी एका कोपऱ्यात साचतं आणि सायफनची वेळ बिघडते.

पाणी खडीच्या वरच्या पातळीपासून ५ सेंमी खालीच थांबलं पाहिजे. वरचा थर कोरडा राहिला तर शेवाळ धरत नाही आणि खोडं सडत नाहीत. खडीतली पोकळी साधारण ४० टक्के असते, म्हणून २५ सेंमी भरतीला एका वाफ्यात १२० लिटर पाणी चढतं. दोन्ही एकदम भरले तर टाकीतून २४० लिटर जातात, जवळपास चौथा हिस्सा. पंपाचं तोंड या सर्वांत खालच्या पातळीच्याही बरंच खाली असू द्या.

टाकीतलं पाणी तासाला एकदा फिरलं पाहिजे, म्हणजे १,००० लिटर, प्रत्येक वाफ्याला ५००. पंपाच्या खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. तुमची चढ १.३ मीटरच्या आसपास धरली तर २,००० लिटर प्रतितासाचा पंप घ्या आणि त्या उंचीला तो किती पाणी देतो हे तक्त्यात बघा. जादा पाणी व्हॉल्व्ह लावून थेट टाकीत पडू द्या, तेवढीच हवा मिसळते.

सायफनसाठी उभा पाइप २५ मिमीचा, त्यावर ७५ मिमीची घंटा (वरचं तोंड बंद केलेला पाइप), तिच्याभोवती खडी अडवायला भोकं पाडलेला ११० मिमीचा पाइप. पाणी उभ्या पाइपच्या तोंडातून नुसतं झिरपत राहिलं आणि सायफन सुरूच झाला नाही, तर येणारं पाणी कमी आहे. सुरू होऊन थांबलाच नाही, तर ते जास्त आहे किंवा घंटेखाली हवा शिरायला वाट नाही. एका वेळी एकाच व्हॉल्व्हला थोडा पीळ द्या आणि पुढच्या दोन भरत्या बघून मगच पुन्हा हात लावा. काही महिन्यांनी मुळं आत शिरतात, म्हणून ११० मिमीचा पाइप वरून उघडता येईल असाच ठेवा.

तांब्याचा किंवा जस्ताचा मुलामा असलेला कोणताही भाग पाण्याला लागू देऊ नका. टाकीवर ऊन पडत असेल तर ती बाहेरून काळी रंगवा आणि त्यावर पांढरा हात मारा. काळ्याने उजेड अडतो, पांढऱ्याने पाणी तापत नाही. एअर पंप वेगळा हवाच, आणि त्याला बॅटरीचा आधार. ३० अंशांच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू फार तर ७.५ मिग्रॅ प्रतिलिटर असतो आणि माशांना किमान ५ लागतो. वीज गेली की हातात फारसा वेळ उरत नाही.

रोपवाटिका:
@खडीवाट, सायफनच्या जागी टायमर लावला तरी चालतं. १५ मिनिटं पंप चालू, ४५ मिनिटं बंद. वाफा उभ्या पाइपच्या बुंध्यातल्या छोट्या भोकांतून हळूहळू रिकामा होतो. पण मग तासाचं पाणी १५ मिनिटांत फिरवायचं असतं, म्हणून पंप मोठा लागतो. लहान वाफ्याला टायमर सोपा, एवढंच.

भाज्यांचा क्रम. वर दिलेला खाद्याचा हिशेब आणि हंगाम एकमेकांना जोडून बघा, मग सगळं जागेवर बसतं. मासे लहान असतात तेव्हा पाण्यात अन्न कमी, आणि नेमकं तेवढ्यात भागणाऱ्या भाज्या थंडीच्या आहेत. थंडी सरेपर्यंत मासे वाढतात, पाण्यात नायट्रेट (झाडांचं मुख्य अन्न) साठतं, आणि खादाड फळभाज्यांचा हंगाम येतो. म्हणून या वर्षी टोमॅटो आणि काकडी थंडीनंतरच.

थंडीत लेट्यूस, पालक, स्विस चार्ड, केल, मेथी, कोथिंबीर. लेट्यूसला १५ ते २२ अंश मानवतात. हवा २५ च्या वर टिकून राहिली की ते तुऱ्यावर येतं आणि कडू होतं. चौरस मीटरला २० ते २५ रोपं लावा, लावणीपासून चार-पाच आठवड्यांत काढणी. याचं बी ३० अंशांच्या आसपास उगवायचं थांबतं, तेव्हा हंगामाच्या तोंडावर ट्रे सावलीत ठेवा. मेथी-कोथिंबिरीचं बी थेट खडीत टाकलं तर फटींतून खाली जातं. वर कोकोपीटची पातळ पिशवी अंथरून त्यात पेरा. कोबी आणि फ्लॉवर पहिल्या वर्षी नको, जागा फार अडवतात आणि एका झाडाचं एकदाच पीक.

उन्हाळ्यात टोमॅटो चौरस मीटरला ३ ते ५, मिरची ३ ते ४, काकडी २ ते ५, शिवाय भेंडी, वांगी, तुळस. टोमॅटोला रात्र फार गरम झाली तर फुलं गळतात, म्हणून रोपं थंडी संपायच्या पाच-सहा आठवडे आधीच ट्रेमध्ये तयार करा. भर उन्हाळ्यात पालेभाजी हवी असेल तर लेट्यूसच्या मागे न लागता माठ, मायाळू किंवा नाळीची भाजी लावा. नाळीची भाजी फार वेगाने पसरते, खुडत राहा. गाजर आणि इतर कंद खडीत वाकडे होतात.

एक वाफा एकदम लावून एकदम कापू नका. दर दोन आठवड्यांनी चौथा हिस्सा लावा. सगळं एकाच दिवशी काढलं की खाद्य तेवढंच पडत राहतं आणि ते शोषायला मुळं नसतात.

अंगणवाफा:
धन्यवाद. आकडा ३० माशांवर आणला. खडी भरून पाणी सोडलं, मासे न सोडता अमोनियम क्लोराइड घालून अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू वाढवतोय. आज २०वा दिवस. अमोनिया ०.२५, नायट्राइट ५, नायट्रेट २० मिग्रॅ प्रतिलिटर. सामू ७.९, पाणी २१ अंश. अमोनिया जवळपास संपला आहे तर बोटुकली सोडू का?

गढूळपाणी:
नको. अमोनियाचं नायट्राइट करणारे जिवाणू तयार झालेत, नायट्राइटचं नायट्रेट करणारे अजून मागे आहेत. त्यांना नेहमीच जास्त वेळ लागतो, २१ अंशांत आणखी. एवढ्या नायट्राइटमध्ये माशांचं रक्त प्राणवायू वाहू शकत नाही. पाण्यात हवा भरपूर असली तरी ते वर येऊन तोंड मारतात.

बऱ्याच किटचा वरचा आकडा ५ च असतो, त्यामुळे खरं नायट्राइट १५ सुद्धा असू शकेल. एक भाग टाकीचं पाणी आणि चार भाग नायट्राइट नसलेलं स्वच्छ पाणी मिसळून पुन्हा मोजा, येईल त्याला ५ ने गुणा. नायट्राइट जास्त असताना नायट्रेटचं किटही फुगीर आकडा दाखवतं, त्या २० वर भरवसा ठेवू नका.

नायट्राइट उतरेपर्यंत अमोनियाचा डोस निम्मा करा. शेवटची कसोटी अशी: १,००० लिटरला ८ ग्रॅम अमोनियम क्लोराइड घाला, अमोनिया-नायट्रोजन २ मिग्रॅच्या आसपास येईल. २४ तासांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले पाहिजेत. सलग दोन दिवस असं झालं की मासे सोडा. त्या आधी दोन-चार पालेभाज्यांची रोपं लावलीत तर हरकत नाही.

भर घालायचं पाणी नळाचं असेल तर क्लोरीन घालवायला दोन दिवस हवा सोडा. त्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर नुसत्या हवेने जात नाही, दर मिलिग्रॅम क्लोरीनला अडीच मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी लागतं.

खडीवाट:
मला ७.९ सामू खटकतो. नायट्रीकरणात (अमोनियाचं नायट्रेट होताना) आम्ल तयार होतं, २० दिवसांत तो थोडा तरी उतरायला हवा होता. खडी व्हिनेगरमध्ये तपासली होती का? वाफ्याच्या तळातली खडी काढून पुन्हा बघा, ढिगात दोन प्रकारचे दगड मिसळलेले असतात. भर घालायचं पाणी २४ तास हवा देऊन मोजा, ते मुळात जड (क्षारयुक्त) असेल तरी असाच आकडा येतो.

खडी दोषी असेल तर आत्ताच बदला, झाडं लागल्यावर ते फार अवघड जातं. चुनखडीशी आम्ल घालून भांडण्यात अर्थ नाही, दोन दिवसांत सामू परत वर. लिंबाचा रस किंवा सायट्रिक आम्ल तर घालूच नका, त्याने जिवाणू मरतात. सामू ८ ला आणि २५ अंशांना एकूण अमोनियाचा ५ टक्क्यांहून जास्त भाग विषारी रूपात असतो, सामू ७ ला अर्ध्या टक्क्याच्या आसपास.

पुढे सामू आपोआप ६.४ च्या खाली जायला लागेल. तेव्हा विरलेला चुना आणि पोटॅशियम बायकार्बोनेट आलटून पालटून द्या, बादलीत विरघळवून थोडं थोडं. दिवसात ०.२ पेक्षा जास्त हलवू नका. खाद्यात कॅल्शियम आणि पोटॅशियम दोन्ही कमी पडतात, ते यातून मिळतात.

जोराच्या पावसात वाफे झाका. पावसाच्या पाण्यात सामू धरून ठेवणारे क्षार जवळपास नसतात.

रोपवाटिका:
लोहही खाद्यातून पुरेसं येत नाही. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की तेच. ११ टक्के लोह असलेलं डीटीपीए चिलेट (लोह पाण्यात विरघळलेलं ठेवणारं संयुग) १,००० लिटरला १८ ग्रॅम, साधारण तीन आठवड्यांनी. ईडीटीए हे दुसरं चिलेट सामू ६.५ च्या वर टिकत नाही. जुन्या पानांच्या कडा करपल्या तर पोटॅशियम बघा. लेट्यूसची कोवळी टोकं जळाली किंवा टोमॅटोचं बूड काळं पडलं तर कॅल्शियम.

फवारणीबाबत: कडुनिंबाचं तेल, पायरेथ्रम आणि साबणाचं पाणी झाडाला चालतं, माशांना नाही. मावा पाण्याच्या फवाऱ्याने धुवा, पांढऱ्या माशीला पिवळे चिकट सापळे, अळीला बीटी (अळी मारणारे जिवाणू) पानांवर. भुरीवर पोटॅशियम बायकार्बोनेट, ते पाण्यात पडलं तरी बिघडत नाही. ट्रेमधली रोपं बाहेरून आणणार असाल तर त्यांच्यावर काय फवारलं आहे ते विचारून घ्या आणि मुळं धुऊनच वाफ्यात लावा.