लेन्स पडली, काच शाबूत दिसतेय. अजून काय तपासायचं?

सावलीवेडा
नमस्कार मंडळी. वाऱ्याने ट्रायपॉड आडवा झाला आणि २४-७० एमएमची एफ/२.८ झूम लेन्स कॅमेऱ्यासकट सिमेंटवर आपटली. मार पुढच्या कडेवर. लेन्सपुढे लावलेल्या यूव्ही फिल्टरच्या काचेचा चुरा झालाय, त्याची रिंग चेपून अडकून बसलीय. टॉर्च मारून पाहिलं, लेन्सच्या काचेला तडा नाही. ऑटोफोकस चालतोय. पण लेन्स हलवली की आत काहीतरी खुळखुळतं. पुढे एका कार्यक्रमाचं काम घेतलंय. बिनधास्त वापरू का?

फोटोछंदी
काच फुटली नाही ना? मग वापरा की! माझी ५० एमएम कितीदा पडली असेल, अजून झकास चालते.

जुना_कारागीर
५० एमएमचा दाखला इथे चालणार नाही. तिच्यात मोजक्या काचा, त्याही बहुतेक एकत्रच सरकतात. अशा झूममध्ये पंधरा-वीस काचा असतात, गटागटाने, आणि प्रत्येक गटाची सरकायची खाच वेगळी. पुढून मार बसला की काच तशीच राहते आणि आतला एखादा गट केसभर तिरका होतो. लेन्सदुरुस्तीत माझी उमेदीची वर्षं गेली. काच लख्ख आणि फोटो बाद, अशा लेन्स टेबलावर सतत यायच्या.

आधी चुरा काढा. लेन्सचं तोंड खाली धरून रबरी ब्लोअरने हवा मारा. कापड अजिबात लावू नका, ओरखडे त्यानेच पडतील. अडकलेली रिंग पकडीने पिळू नका.

खुळखुळण्याचं म्हणाल तर स्टॅबिलायझेशनवाल्या (हाताचा कंप सावरणाऱ्या) बऱ्याच लेन्स बंद असताना खुळखुळतात, तो गट मोकळाच असतो. न पडलेली तशीच लेन्स कुणाकडे असेल तर तीही हलवून बघा. आवाज सारखाच असेल तर सोडून द्या. सुटा स्क्रू फिरल्यासारखा कणकण आवाज असेल तर मात्र झूम फिरवू नका, आत घासेल.

मग माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला बसते ती जागा. लावताना लेन्स अडली किंवा लावल्यावर डुगडुगली तर जोर करू नका.

आता खरी परीक्षा. लोक भिंतीचा फोटो काढतात आणि फसतात, कारण कॅमेरा भिंतीला जरा तिरका असला की एक बाजू आपोआप सॉफ्ट, म्हणजे धूसर येते आणि खापर लेन्सवर. त्यापेक्षा लांबची इमारत घ्या. ट्रायपॉड, सेल्फ टायमर, स्टॅबिलायझेशन बंद, एफ/२.८ म्हणजे छिद्र पूर्ण उघडं. इमारतीची एक खिडकी फ्रेमच्या मध्यावर आणून फोकस करा आणि मॅन्युअलवर टाका. फोकसला हात न लावता तीच खिडकी आळीपाळीने चारही कोपऱ्यांत आणून फोटो घ्या. हे सगळं २४, ५० आणि ७० एमएमवर करा, झूम बदलली की दरवेळी मध्यावर नव्याने फोकस करून. मध्यापेक्षा कोपरे सॉफ्ट येणारच, त्याची काळजी नको. चारही कोपरे एकमेकांशी ताडून बघा.

सावलीवेडा
केलं. माउंट ठीक आहे. मित्राची लेन्स अगदी तशीच खुळखुळते, म्हणजे तो प्रश्न मिटला. ७० ला चारही कोपरे सारखे. २४ ला वरचा उजवा कोपरा मात्र पार धुतलेला, खिडकीचे गज एकात एक. एफ/८ वर बराच सुधारतो. भिंगाचा दोष की कॅमेऱ्यातला सेन्सरच वाकडा झालाय?

फोटोछंदी
एफ/८ वर वापरा, कुणाला कळतंय!

जुना_कारागीर
दिवसाउजेडी निसर्गचित्रं काढायची असती तर मीही हेच म्हणालो असतो. एफ/८ ला छिद्र लहान, आत उजेड कमी; कार्यक्रमाच्या अंधुक उजेडात ते वापरणार कसं?

सेन्सरची शंका रास्त आहे, कॅमेऱ्याची बॉडीही पडलीच आहे. मित्राची लेन्स तुमच्या बॉडीवर लावून २४ ला हीच परीक्षा घ्या. तोच कोपरा बिघडला तर दोष बॉडीत. नाही बिघडला तर तुमच्या लेन्समध्ये, आणि एका टोकाला ठीक, दुसऱ्या टोकाला बिघाड हे बघता माझा कल तिकडेच आहे. अजून एक करा: बिघडलेल्या कोपऱ्यातच खिडकी ठेवून तिच्यावर फोकस करा. गज स्पष्ट झाले तर बहुधा गट नुसता तिरका झालाय. कसंही करून स्पष्ट होत नसतील तर तो मध्यापासून सरकलाय.

यातलं काहीही घरी दुरुस्त होत नाही. स्क्रू उघडू नका. काचांच्या मधल्या पातळ चकत्या जागच्या हलल्या की आहे तेही बिघडतं.

सावलीवेडा
मित्राच्या लेन्सवर कोपरा स्वच्छ आला. माझीच लेन्स. दुरुस्तीला टाकतो, कार्यक्रम मित्राच्या लेन्सवर उरकतो.

जुना_कारागीर
देताना २४ आणि ७० चे मूळ फोटो सोबत द्या, ‘२४ ला वरचा उजवा कोपरा’ असं चिठ्ठीवर लिहा. नुसतं ‘पडली’ म्हटलंत तर रिंग बदलून, काच पुसून परत देतील. हातात आली की खिडकीची परीक्षा पुन्हा घ्या, तीही लगेच.